शीतल, उतारा पूर्ण वाचायचा नसतो

शीतल, तू गेलीस म्हणून आपलं भांडण मिटलं असं समजू नकोस. लोक तुझ्या फोटोला हार घालतात, फार गुणी पोरगी होती म्हणतात, आणि मी मागे उभी राहून मनात म्हणते, गुणी होती खरी, पण वाचनाच्या पेपरात कोणाच्या बापाचं ऐकायची नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते जमत नाही, आणि माझ्या तोंडून ते ऐकून तुलाही काहीतरी बिनसलंय असंच वाटलं असतं.

वर्ध्याच्या एकाच दवाखान्यात आपण दोघी स्टाफ नर्स, एकाच वॉर्डात, आणि राहायलाही एकाच भाड्याच्या खोलीत. बाहेरच्या देशात नोकरी करायची हे आधी तुझ्या डोक्यात आलं, मग तू ते माझ्या डोक्यात घातलंस. माझ्या घरी मी कुठे गेले तरी फारसं कोणाचं अडत नव्हतं. तुझं तसं नव्हतं. आर्वीच्या पुढच्या गावात तुझी आई एकटी होती, अंगणवाडीत मदतनीस म्हणून लेकरांची खिचडी शिजवायची, आणि तुझ्याशिवाय तिला कोणी नव्हतं. तरी तुला जायचं होतं. आईला पुढे तिकडे न्यायचं होतं, निदान महिनाभर तरी.

त्यासाठी आधी इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, बोलणं, लिहिणं, वाचणं, असे चार पेपर, आणि त्यांत गुणांऐवजी बँड. तू तीन पेपर व्यवस्थित काढलेस. आर्वीच्या शाळेतली पोरगी बोलण्याच्या परीक्षेत परीक्षकालाच हसवून आली. वाचनात मात्र पहिल्या वेळी अर्धा बँड कमी, आणि दुसऱ्या वेळी पुन्हा तोच अर्धा बँड. तेवढ्यावर तुझं जाणं अडलं होतं. तुझ्या डोळ्यांसमोर आजारपण येईपर्यंत तोच एक अर्धा बँड होता.

सुट्टीच्या दिवशी आपण बसने पवनारला जायचो. खोलीवर उकडायचं आणि खालच्या मजल्यावरचा टीव्ही बंद व्हायचा नाही, म्हणून धाम नदीच्या काठी, पायऱ्यांवर सावली बघून बसायचो. मोबाइलवर वेळ लावायचा, प्रिंट काढून आणलेले कागद मांडीवर ठेवायचे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर पाण्याची बाटली. तासाभरात तीन उतारे. मी तुला किती वेळा सांगितलं असेल, आधी प्रश्न वाच. प्रश्नातला नेमका शब्द धर. तो उताऱ्यात शोध, सापडला की त्याच्या आजूबाजूच्या दोन ओळी बघ, उत्तर लिही आणि पुढे चल. बाकीचा उतारा गेला उडत. तू मान डोलवायचीस, हो हो म्हणायचीस, आणि वेळ सुरू झाला की पहिल्या शब्दावर बोट ठेवून बसायचीस. ओळीमागून ओळ. ओठ हलताहेत. मध्येच एखादं वाक्य स्वतःशीच वऱ्हाडीत करून बघायचीस. तुझा दुसरा उतारा निम्म्यावर असताना माझा तिसरा संपलेला असायचा.

एकदा माझं टाळकं सरकलं. मी तुझ्या हातातला कागद ओढून घेतला आणि म्हटलं, तुला परीक्षा पास व्हायचं आहे की शहाणं व्हायचं आहे? तू शांतपणे कागद परत घेतलास.

"हे वाचणं झालं का वं?" तू म्हणालीस. "हे तं त्याचे खिसे चाचपून राह्यलो आपण."

त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तेव्हापासून आपल्यात त्याला खिसे चाचपणं हेच नाव पडलं. मी खिसे चाचपणारी आणि तू बसल्या जागी रामायण ऐकणारी.

दुसरी तुझी खोड याहून वाईट. काही प्रश्नांत एक विधान देतात आणि विचारतात, उताऱ्यानुसार हे खरं, खोटं, की उताऱ्यात दिलेलंच नाही. तिथे तू हमखास मार खायचीस, कारण तुला जे माहीत असायचं ते तू लिहायचीस. उतारा काय म्हणतो ते गेलं चुलीत. कापसावरचा उतारा आठवतो? कापूस वेचणाऱ्या बाया ऊन टाळायला अगदी पहाटे कामाला लागतात, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. वेळ चालू असताना तू फोन उचललास आणि आईला, म्हणजे मी जिला मावशी म्हणते तिला, लावलास. पलीकडून मावशी म्हणाली, दव सुकल्याबिगर कोन वेचते, ओला कापूस कोन घेईन, ज्यानं हे लिहिलं त्याले वावर दाखवा. तू समाधानाने 'खोटं' लिहिलंस. उत्तर होतं 'खरं'. मी हसून हसून पायरीवर आडवी झाले होते, आणि तू मात्र त्या दिवशी परतीच्या बसमध्ये माझ्याशी बोलली नाहीस. ज्याला कापसातलं कळत नाही त्याने तुझे गुण कापावेत, याचा तुला खराखुरा राग आला होता.

हे असं वाचायची सवय तुला वॉर्डात लागली, हे मला माहीत होतं. डॉक्टर राउंडला येतात, फाइल उघडतात, दोन वाक्यं मराठीत, चार इंग्रजीत बोलतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. नातेवाईक तिथेच उभा राहतो. मग तो आपल्याकडे येतो. मी फाइलमधला मुद्दा सांगून मोकळी व्हायचे. तू फाइल घेऊन त्याच्याशेजारी बाकावर बसायचीस, पहिल्या पानापासून वाचायचीस, आणि मग त्याला त्याच्या भाषेत सांगायचीस. हिंगणीकडचा तो म्हातारा, ज्याची बायको चार नंबरच्या खाटेवर होती, त्याने सगळं ऐकून एवढंच विचारलं होतं, म्हणजे ते वाचन का नाई? तू डोळे न चुकवता सांगितलंस, नाई बाबा, वाचत नाई, पण आज नाई, अजून काई दिवस हायेत, तिच्यापाशी बसून राहा. तो रडला नाही. तुझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. मी त्या दिवशी तुला म्हटलं होतं, असं सगळ्यांना सांगत बसलीस तर ड्युटी कधी करशील? तुझं म्हणणं ठरलेलं होतं. ज्याला दुसऱ्याला सांगायचं आहे त्याने आधी पुरतं वाचलं पाहिजे. मग तू उताराही तसाच वाचायचीस, जणू बाहेर बाकावर कोणीतरी थांबलेलं आहे आणि तुला जाऊन त्याला सांगायचं आहे. परीक्षेत बाहेर कोणी थांबलेलं नसतं गं. हे तुला कधीच पटलं नाही.

पोट दुखतं म्हणायचीस ते आपण दोघींनीही ॲसिडिटीवर घालवलं. दोन नर्सा एका खोलीत राहत होत्या आणि गोळ्या खाऊन झोपत होत्या. याचा विचार आला की मी अजून भिंतीकडे बघत बसते. मग स्कॅन झालं. रिपोर्ट घ्यायला आपण दोघी गेलो. मावशी बाहेर व्हरांड्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी पाकीट फोडलं आणि सवयीने थेट शेवटच्या परिच्छेदावर गेले. रिपोर्टचं आपण सगळे तेवढंच वाचतो. मला हवा तो शब्द सापडला. सापडला आणि मी कागद घडी घालायला लागले.

तू हात पुढे केलास. "आण इकडं. वरून वाचू दे."

तू वरून वाचलंस. बोट ठेवून. गाठ कुठे आहे, किती मोठी आहे, कुठे कुठे पोचली आहे, यकृतावर काय दिसतं, पोटात पाणी किती. मी तुझ्या बोटाकडे बघत होते आणि ते ज्या ओळीवर जाईल तिच्या पुढची ओळ मला आधीच माहीत होती, कारण मी शेवट बघितला होता. तुझं वाचून झालं. तू कागद पाकिटात नीट ठेवलास आणि म्हणालीस, आईला आत बोलाव. मी म्हटलं, मी सांगते तिला, थोडं थोडं करून.

मग तूच तिला सांगितलंस. हिंगणीच्या म्हाताऱ्याला सांगितलंस त्याच आवाजात. काही वगळलं नाहीस, काही गोड केलं नाहीस. कुठे आहे ते स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलंस. औषधं देतील, त्याने थोडा वेळ मिळेल, बरं होणार नाही. मावशी ऐकत होती आणि मध्ये मध्ये "बरं" म्हणत होती, अंगणवाडीच्या बाईंनी उद्याचं काम सांगावं तसं. शेवटी तिने विचारलं, भात खाशील का, डबा आणला आहे. तू हो म्हणालीस. तिथेच बसून तू भात खाल्लास आणि मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरून उभी राहिले. त्या दिवशी तुझा राग आला होता मला. इतकं पुरतं वाचायची काय गरज होती?

तिसऱ्या वेळची तारीख आपण आधीच घेऊन ठेवली होती, दोघींची एकच, नागपूरची. तुझी तिसरी, माझी पहिली. मी इतके दिवस बोलण्याच्या पेपरला घाबरून थांबले होते, आणि तू सगळ्यांना सांगत फिरायचीस की वंदना माझ्यासाठी थांबली आहे. माझी भीती तू काढलीस. संध्याकाळी मी भाजी चिरायला घेतली की तू खांद्यावर टॉवेल टाकून खुर्चीत परीक्षक म्हणून बसायचीस. तोंड वाकडं करून इंग्रजीत विचारायचीस, आपल्या भागातल्या एखाद्या जागेबद्दल सांगा. मी वांगी चिरत आर्वीच्या बसस्टँडचं इंग्रजीत वर्णन करायचे. अडखळले की तू पुढचा शब्द द्यायची नाहीस, तशीच बघत बसायचीस, तो सापडेपर्यंत. शब्द सापडायचा. केमो सुरू झाल्यावरही हे चालू होतं. ओकारी येऊन गेली की चूळ भरायचीस आणि म्हणायचीस, हं, काय सांगत होतीस बसस्टँडचं? याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती. आता मानते.

शेवटी शेवटी, आपल्याच वॉर्डातल्या खाटेवर, तुला कागद धरवत नव्हता. दुपारी वॉर्ड जरा निवांत झाला की तू म्हणायचीस, एक उतारा वाच. वेळ लावायचा नाही, प्रश्न वाचायचे नाहीत, नुसता उतारा. मी वाचायचे. लोखंडी पुलांना रंग देणाऱ्या कामगारांवर एक उतारा होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंग देत जातात, तोवर पहिल्या टोकाचा रंग जायला लागलेला असतो. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मला वाटलं झोपलीस. मग विचारलंस, पुलावरून गाड्या चालू असतात का तेव्हा? मी कागद वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हटलं, दिलेलं नाही. तुला इतकं हसू आलं की पोट धरावं लागलं, आणि हसण्याचं कण्हणं झालं, आणि मला सिस्टरला हाक मारावी लागली. मीच सिस्टर होते हे त्या क्षणी विसरले होते.

त्यानंतर एक वाक्य मी रोज म्हणायचं ठरवायचे आणि रोज राहायचं. तुझ्याशिवाय मी जाणार नाही, हे ते वाक्य. ते खरं नव्हतं म्हणून राहिलं. मला जायचं होतं, शीतल. तू खाटेवर असताना, तुझे पाय चेपताना, तुझी लघवीची पिशवी मोजताना मला जायचं होतं. तुला ते दिसत असणार.

तेरवीच्या दिवशी तुमच्या घरी पंगत उठल्यावर मी भांडी आत नेत होते. मावशीने माझं मनगट धरलं. तिच्या हाताला नुसती हाडं राहिली आहेत. तिने विचारलं, आता तू तं नाई जात ना, वंदना? मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? आणि पुढच्या आठवड्यात तिच्या फोनला ड्युटीवर आहे असं सांगून मी नागपूरला जाऊन पेपर दिला.

वाचनाचा पेपर मी माझ्या पद्धतीने सोडवला. खिसे चाचपले, हवं ते काढलं, पुढे गेले. वेळ संपायच्या आधी झाला. उरलेल्या मिनिटांत उत्तरं तपासायची असतात. मी तिसरा उतारा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. जुन्या बंदरांत साचणाऱ्या गाळाबद्दल होता, त्यात काही विशेष नव्हतं. दोन परिच्छेद राहिले असताना वेळ संपला आणि संगणकाचा पडदा बंद झाला. निकाल चांगला आला. वाचनात तुला हवा होता त्याहून एक बँड जास्त. तो आकडा बघून मला तुझा राग आला, मग स्वतःचा, आणि मग नुसतं रडू आलं.

काल आर्वीची बस धरून तुमच्या गावी गेले. मावशी ओसरीत तुरीची डाळ पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की मी खोटं बोलले, पेपर दिला, पास झाले आणि पुढच्या काही महिन्यांत मी जाणार आहे. ती रडेल, नाहीतर चिडेल, अशी तयारी करून गेले होते. तिने सूप खाली ठेवलं. ती दारातल्या कोंबड्यांकडे बघू लागली.

"ते दोन डाव पेपरात राह्यली ना, दोनी डाव मी देवीपाशी नारळ फोडला," ती म्हणाली. "मीच मांगतलं होतं, पोरगी पास नको होवो, इथंच राहो." मग म्हणाली, "इथंच राह्यली."

मी तिच्यासमोर खाली बसले. ती पुढे मला म्हणाली की वंदना, तुझ्यासाठी आता मी काहीच मागत नाही, माझं मागणं चांगलं नाही, तू आपली जा. हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली आणि पुन्हा सूप हातात घेतलं. पण डाळ पाखडली जात नव्हती, नुसती हलत होती.

तुला हे ठाऊक होतं का, मला कळायला मार्ग नाही. तुझ्या आईने तुझ्या नापास होण्याचा नारळ फोडला आणि आता ती तो तुझ्या मरणाशी जोडून बसली आहे. तिला तसंच सोडून मला विमानात बसता येणार नव्हतं. म्हणून मी तिच्या हातातलं सूप बाजूला केलं आणि तिला पहिल्यापासून सांगितलं. पवनारच्या पायऱ्यांपासून. देवी पेपर तपासत नाही, मावशी. शीतल दोनदा राहिली ती तिच्या वाचण्यामुळे. परीक्षेत फक्त हवं तेवढं शोधायचं असतं, उतारा पूर्ण वाचायचा नसतो. ती बोट ठेवून एक एक ओळ वाचायची, समजून घ्यायची, मग वेळ पुरायचा नाही. तुमच्या नारळाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ती पुरतं वाचायची, म्हणून ते तिला नापास करायचे.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. कपाळाला आठी घालून तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, तिचा विश्वास बसत नव्हता.

"पुरं वाचे," ती म्हणाली, "तं मंग नापास काऊन केलं तिले?"

मी पवनारच्या पायऱ्यांवर तुला द्यायचे ती सगळी उत्तरं माझ्या तोंडापर्यंत आली. वेळेचं गणित, प्रश्न, नेमका शब्द. ती अजून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "त्यांचं चुकलं, मावशी."